नऊ लिंबं

"माझं नाव लिव्हलंस ना बाबा?" सुगंधाबाईंनी विचारलं.

मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, "नाव लागत नाही, मावशी. प्रत्येक वस्तूला क्रमांक येतो."

"मंग लोकास्नी कळनार कसं?"

"सगळं पडद्यावर दिसेल. तुम्ही आत जाऊन बसा."

त्यांनी परडी टेबलावर ठेवली. आत नऊ लिंबं होती. मी ती कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि वाटीभर हुलग्यांच्या शेजारी सरकवली, फोटो काढला आणि 'किरकोळ संच चार' असं टाइप केलं. पन्नास रुपयांच्या आतल्या वस्तू एकेकट्या विकायच्या नाहीत, त्यांचे संच करायचे, हा माझाच नियम होता. त्यांच्यामागे रांगेत भोपळे, ऊस, गूळ, खपली गहू आणि टोपलीखाली कलकलाट करणारी एक कोंबडी घेऊन पन्नासेक माणसं उभी होती. नियम केल्याशिवाय एवढं उरकणार कसं?

ही गोष्ट सोनवडीच्या ख्रिस्ती विद्यापीठातली. तिथे मी व्यवसाय आणि तंत्रज्ञान या शाखेत शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही वाकचौरे, तालुक्याच्या मार्केट यार्डातले कांद्याचे अडते. आमच्या घरात कुणी चर्चची पायरी चढलेलं नव्हतं. पण बाबांनी चौकशी केली, 'शिस्त आहे, मास्तर लोक शिकवतात, पोरं बिघडत नाहीत' एवढं ऐकलं आणि मला तिथे नेऊन घातलं. आजी कुरकुरली, तेव्हा म्हणाले, "प्रार्थनेला बसून कुणाचं वाटोळं झालंय का?"

दर वर्षी नोव्हेंबरात तिथे कापणीचा सण असायचा. आवारातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक आपल्या रानातलं, परसातलं काहीबाही देवाला म्हणून आणायचे. उपासना झाली की त्याच मंदिरात, म्हणजे आवारातल्या चर्चमध्ये, त्या वस्तूंचा लिलाव व्हायचा आणि पैसे मिशन दवाखान्यातल्या गरिबांच्या खाटांना जायचे. लिलाव पुकारायचे बागकाम बघणारे दाविदमामा. सकाळी अकराला सुरू झालेला लिलाव दुपारी तीन-साडेतीनपर्यंत चालायचा. चार तास! आमच्या यार्डात तेवढ्या वेळात शंभर ट्रॅक्टर रिकामे होतात.

म्हणून मी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हाच विषय वर्षभर आधीच घेऊन ठेवला. मोबाइलवर फोटो बघायचा, बोली टाकायची, दोन मिनिटांत वस्तू विकली. ज्यांच्याकडे तसला फोन नाही, त्यांच्या शेजारी आमची पोरं फोन घेऊन उभी. आणि एकदा विकलेली वस्तू कुलूपबंद, कुणी हात लावू शकणार नाही. ही शिकवण बाबांची. ते म्हणायचे, "बोली तुटली की माल घेणाऱ्याचा. तोच माल परत लिलावाच्या फळीवर आला, की अडत्याची अब्रू गेली."

त्या दिवशी पुण्याच्या एका कंपनीचे नाडकर्णी नावाचे अधिकारी मुद्दाम आले होते. प्रोग्राम नीट चालला तर सर्वांसमक्ष नोकरीचं पत्र द्यायचं, असं ठरलं होतं. पत्र त्यांच्या बॅगेत आहे, हे मला शिपायाकडून कळलं होतं आणि माझ्याकडून बाबांना कळलं होतं. बाबांकडून ते साऱ्या मार्केट यार्डाला कळलं होतं. पेढ्यांची ऑर्डरसुद्धा गेली होती.

आमच्या मार्गदर्शक होत्या आढाव मॅडम, रूथ आढाव. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगा जागा होऊन वही उघडायचा. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं कुठे कुठे पोहोचली होती. त्यांचा एकच नियम होता, "आधी बस, मग लिही." ज्या कामासाठी प्रोग्राम लिहायचा, ते काम जिथे चालतं तिथे एक अख्खा दिवस जाऊन बसायचं. तोंड उघडायचं नाही. काय दिसलं ते नोंदवहीत उतरवायचं. त्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. कुणी रेशन दुकानात बसून आलं होतं, कुणी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीपाशी.

माझीही नोंदवही होती. चांगली बावीस पानं भरलेली आणि त्यावर मॅडमची सही.

अकरा वाजता लिलाव सुरू झाला. भोपळा गेला, गूळ गेला, कोंबडी गेली. पडद्यावर आकडे भराभर चढत होते. लोक माना खाली घालून फोनमध्ये बघत होते. मंदिरात इतकी शांतता होती की टोपलीतल्या कोंबडीचं कुरकुरणं स्टेजपर्यंत ऐकू येत होतं. दाविदमामा पहिल्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते. यंदा त्यांना काही काम नव्हतं. नाडकर्णी गंमत म्हणून स्वतःही बोल्या टाकत होते. अडतीस मिनिटांत सगळं संपलं आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'विक्री पूर्ण' असं आलं.

नाडकर्ण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागून आमच्या वर्गातल्या मुलांनी वाजवल्या. बाकी कुणी वाजवल्या नाहीत. आणि कुणी उठलंही नाही.

मी माइकवर म्हणालो, "लिलाव संपला आहे. आपापल्या वस्तू बाहेरच्या टेबलावरून घ्याव्यात."

तरी कुणी हललं नाही. दीडशे-दोनशे माणसं तशीच बसून राहिली. मला वाटलं, पडदा दिसत नसेल. मी अक्षरं मोठी केली.

मग मागून दवाखान्यातले वॉर्डबॉय उठले, शांतवन उबाळे. टोपी हातात चुरगळत म्हणाले, "सुगंधाबाईंची लिंबं राहिली की, साहेब."

मी यादी बघितली. "गेली ती. संच चारमध्ये. नाडकर्णी सरांनी घेतली."

"गेली?" उबाळे म्हणाले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "मंग आम्ही बोलायचं कधी?"

मला प्रश्नच कळला नाही. मंदिरात कुजबुज सुरू झाली. सुगंधाबाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मेसमध्ये तीस वर्षं भाकऱ्या थापणारी ही बाई आज इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. त्या पडद्यावर आपलं नाव शोधत होत्या.

आढाव मॅडम स्टेजची पायरी चढून माझ्याजवळ आल्या. माइकवर हात ठेवून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुषार, मागच्या वर्षी शेवटी कोणती वस्तू गेली?"

"भोपळा," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू बसला होतास?"

 मागच्या वर्षी त्या रविवारी मी हॉस्टेलच्या टीव्हीसमोर क्रिकेट बघत होतो. लिलाव तो लिलाव, त्यात बघायचं काय? लिलाव आमच्या रक्तात. बावीस पानं मी दोन तासांत, मार्केट यार्ड डोळ्यांसमोर आणून भरून काढली होती.

पडद्यावरची हिरवी अक्षरं लुकलुकत होती. पहिल्या रांगेत नाडकर्णी बॅगेची चेन उघडत होते. मॅडम गप्प बसल्या असत्या तर पत्र माझ्या हातात पडलं असतं. लोक थोडे नाराज होऊन घरी गेले असते आणि दुसऱ्या दिवशी पेढे वाटले गेले असते. मॅडमचंही काही बिघडलं नसतं. त्या वर्षीचा उत्तम मार्गदर्शकाचा मान त्यांनाच जाहीर झाला होता.

त्यांनी माइकवरचा हात काढला.

"या मुलाच्या नोंदवहीवर माझी सही आहे," त्या म्हणाल्या. वर्गात बोलायच्या तसाच खणखणीत आवाज. "चाळीस नोंदवह्या होत्या. मी त्या न वाचता सह्या केल्या. वाचली असती तर पहिल्या पानावरच कळलं असतं, की हा इथं बसलाच नव्हता. आणि माझ्याही डोक्यात चार तासांची चाळीस मिनिटं कशी होतील एवढंच होतं. तुमचा सण आज आम्ही दोघांनी मिळून मोडला. तुमची माफी मागते."

 कुलगुरू बसले होते, कंपनीचा माणूस बसला होता, आमचा अख्खा वर्ग बसला होता. त्या सगळ्यांसमोर ती बाई हात जोडून उभी राहिली. मी अनेक मोठी माणसं बघितली आहेत त्यानंतर. चूक झाली की ती 'टीम'ची होते, यंत्राची होते, वेळेची होते. 'माझी सही आहे' असं म्हणणारा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण त्यांनी माइक माझ्यापुढे केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता पुढे केला. घ्यायचा की नाही हे माझ्यावर सोडलं होतं.

मी तो घेतला. "मी मागच्या वर्षी आलो नव्हतो," मी म्हणालो. "वही मी मनाने लिहिली. मॅडमना मी फसवलं."

एवढंच बोललो. बॅगेची चेन बंद झाल्याचा आवाज मला नीट ऐकू आला.

पुढे काय करायचं हे कुणालाच सुचेना. प्रोग्राममध्ये तर विकलेली वस्तू परत आणायची सोयच नव्हती, मीच ती ठेवली नव्हती. शेवटी नाडकर्णीच उठले, बाहेर गेले आणि परडी घेऊन आले. सुगंधाबाईंच्या हातात देत म्हणाले, "मला यातलं काही कळलं नाही, बाई. पण ही तुमचीच दिसते."

सुगंधाबाई परडी घेऊन थेट माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"काय रं, तुझा बाप लिलाव पुकारतो म्हनं यार्डात?"

"हो."

"मंग आवाज हाय का घशात का निस्ती बटनं दाबतो? घे. वर धर. लोकास्नी दिसू दे."

दाविदमामा पहिल्या बाकावरून हसले आणि म्हणाले, "पुकार, पोरा. पण घाई करायची नाही."

मी परडी वर धरली.  "सुगंधाबाईंची लिंबं," मी ओरडलो. "नग नऊ!"

"शंभर!" मागून आवाज आला. "दीडशे!" "दोनशे!" नऊ लिंबांना दोनशे? माझ्यातला अडत्या चक्रावला. "दोनशे एक वार, दोनशे दोन वार, दोनशे तीन वार!" परडी गेली शांतवन उबाळ्यांना. ते पुढे आले, पैसे पेटीत टाकले, परडी हातात घेतली आणि लोकांकडे तोंड केलं.

"माझी धाकली आठ दिसापूर्वी पयल्यांदा चालली," ते म्हणाले. "आपरेशन झाल्यापून. उपकार देवाचे." मग परडी माझ्या हातात परत दिली. "ठेव परत."

मी परडी हातात धरून उभाच. विकलेला माल परत! दाविदमामांनी मला खुणावलं, पुकार.

ती नऊ लिंबं त्या दिवशी चौदा वेळा विकली गेली. कुणी नोकरी लागली म्हणून घेतली, कुणी नवऱ्याची दारू सुटली म्हणून. एका म्हाताऱ्या शिक्षकांनी घेतली आणि त्यांना बोलताच येईना. ते नुसते परडी धरून उभे राहिले, आणि तेवढा वेळ सगळे थांबले. बायबल हातात घेऊन चारचौघांत कधी न बोलणारी माणसं वर्षभर या लिंबांची वाट बघायची, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत गेलं. सुगंधाबाईंचा नवरा गेला त्या वर्षी त्यांच्याकडे देवाला द्यायला काही नव्हतं. मेसच्या मागे खरकट्या पाण्यावर त्याने वाढवलेलं एक लिंबाचं झाड होतं, त्याची लिंबं त्यांनी आणली होती. कुणीतरी ती विकत घेऊन, तुझ्या नवऱ्याच्या आठवणीत, म्हणून परत ठेवली. तेव्हापासूनची ही रीत, असं दाविदमामांनी मला नंतर सांगितलं.

तेराव्यांदा लिंबं मॅडमनी घेतली. "माझी चूक मला कुणी दाखवत नाही, घाबरतात," त्या म्हणाल्या. "आज दिसली. उपकार देवाचे." आणि ठेवली परत.

पुढच्या सोमवारी त्यांनी मला नापास केलं. उत्तम मार्गदर्शकाचा मान परत केला. चाळीसच्या चाळीस नोंदवह्या ओळ न् ओळ वाचून काढल्या आणि आणखी सहाजणांना पुन्हा बसायला पाठवलं. मला म्हणाल्या, "पुढच्या सणाला सकाळपासून बस. मग बघू." एवढंच. त्याबद्दल त्या मला पुन्हा कधी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि वर्षभर माझ्याशी वागल्या त्या पहिल्यासारख्याच.

घरी मात्र भूकंप झाला. "नापास?" बाबा फोनवर ओरडले. "कशात? लिलावात? वाकचौऱ्याचं पोरगं लिलावात नापास? अरे, हे ऐकून यार्डातले हमालसुद्धा हसतील!"

पुढच्या वर्षी कापणीच्या सणाला ते स्वतः आले. शहानिशा करायला. पांढरी टोपी, खिशाला पेन आणि चेहऱ्यावर 'बघू तरी तुमचा लिलाव' असा भाव. मी सकाळी सातपासून सुगंधाबाईंच्या शेजारी वही घेऊन बसलो होतो. बाबा माझ्या दुसऱ्या बाजूला बसले. पहिल्या वस्तूपासून त्यांची कुजबुज सुरू झाली. "दाविद का कोण तो, आवाज बरा आहे, पण वेळ फार काढतो." "भोपळ्याला एवढा भाव? ह्यांना बाजारभाव माहीत नाही का?"

शेवटी लिंबं आली. विकली गेली, परत आली, पुन्हा विकली गेली.

"अरे, हा तर तोच माल!" बाबा उठायला निघाले.

"बसा की, पावनं," सुगंधाबाई म्हणाल्या. "अजून व्हायचंय."

ते बसले. मग गप्प झाले. पाचव्या का सहाव्या खेपेला दाविदमामांनी पुकारा केला आणि माझ्या शेजारून एक हात वर गेला. आमच्या बाबांचा. भाजीवाल्याशी अर्ध्या रुपयासाठी वाद घालणारे माझे वडील नऊ लिंबांना पाचशे रुपये बोलले. कुणी पुढे गेलं नाही. दाविदमामांनी तीन वार म्हटलं आणि परडी त्यांच्या हातात आली.

लोक वाट बघत होते. आपल्यालाही बोलायचं आहे, हे बाबांच्या उशिरा ध्यानात आलं असावं. यार्ड हलवून सोडणारा त्यांचा आवाज मला नीट ऐकूही येईना.

"माझी आई गेली, तेव्हा यार्डात माझा पुकारा चालू होता," ते म्हणाले. "निरोप आला. मी म्हटलं, एवढा ढीग संपवतो आणि निघतो. घरी पोहोचलो तर..." त्यांनी परडीतली लिंबं उगाच इकडची तिकडे केली. "तिच्या नावाने घेतली."

हे मला माहीत नव्हतं.  मी जिला आजी म्हणतो ती माझ्या आईची आई. बाबांच्या आईबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोलत नसे. का बोलत नसत, ते मला त्या दिवशी कळलं.

बाबांनी परडीतून एक लिंबू उचललं. दाविदमामांकडे बघून त्यांनी विचारलं, "एक ठेवून घेतलं तर चालतं का?"

दाविदमामांनी सुगंधाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "चालतंय की."

मग बाबांनी परडी पुढे केली आणि म्हणाले, "आठ आहेत. ठेवा परत."

माझ्या तोंडी परीक्षेत आढाव मॅडमनी प्रोग्रामबद्दल फारसं विचारलं नाही. या खेपेला त्यात वस्तूपेक्षा देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत यायचं, पुकारा दाविदमामाच करायचे आणि 'परत' नावाचं एक बटण होतं. त्यांनी ते दाबून बघितलं. मग नोंदवही उघडली आणि सगळी पानं वाचली. मी समोर उभा होतो. अर्धा तास गेला.

"शेवटी कोणती वस्तू गेली?"

"लिंबं. नग आठ."

"नऊ होती ना?"

"एक वडिलांनी ठेवलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि सही केली.

आता मी बँकांसाठी, दवाखान्यांसाठी असले प्रोग्राम करतो. आधी जाऊन बसतो. हाताखालच्या पोरांनी लिहिलेलं सगळं वाचतो, मगच सही करतो. मॅडम निवृत्त झाल्या. दाविदमामा गेले. आणि बाबांच्या गल्ल्यात नोटांच्या शेजारी एक लिंबू आहे, वाळून सुपारीएवढं झालेलं. गिऱ्हाइकांना वाटतं, धंद्याला नजर लागू नये म्हणून ठेवलंय. बाबा त्यांना तसंच वाटू देतात.